वर अग्निनक्षत्र, खाली मार्गशीर्ष

आमच्या घरात दोन ऋतू एकाच वेळी नांदतात आणि त्यांच्यामध्ये अठरा पायऱ्यांचा जिना आहे. मे महिन्यात खालून सदरा घालून निघालेला माणूस वर पोचेपर्यंत बनियनवर येतो, आणि वरून बनियनवर निघालेला खाली येऊन शाल मागतो. पाहुणा आला की आम्ही आधी विचारून घेतो, ‘संधिवात आहे की रक्तदाब?’ संधिवातवाले वर, रक्तदाबवाले खाली. दोन्ही असणाऱ्याला जिन्याच्या वळणावर, दहाव्या पायरीपाशी खुर्ची टाकून देतो. घरातली सर्वांत समशीतोष्ण हवा तिथे आहे. दुर्दैवाने तिथे एकच खुर्ची मावते आणि ती बहुतेक वेळा मांजराने घेतलेली असते.

तंजावरहून तिरुवैयारूला निघालात की एकामागून एक पूल लागत जातात. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. हे सगळे पूल संपायच्या आत वळलात की आमचं गाव. इतक्या नद्यांच्या गराड्यात घर म्हटल्यावर सोलापूरच्या नातेवाइकांची समजूत अशी, की आम्ही बारा महिने पाण्यात पाय सोडून बसलेले असतो. मे महिन्यात या नद्यांमध्ये वाळू असते आणि वाळूत पोरांचं क्रिकेट. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रिवाजाची तारीख १२ जून. ते पाणी करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्लणै बंधाऱ्यावरून फाटे घेत आमच्यापर्यंत येणार, तोवर नदी फक्त नकाशात वाहते. दमटपणा मात्र तिची वाट पाहत नाही. तो बंगालच्या उपसागराकडून थेट येतो.

त्यातच पंचांगात तारखेनिशी छापलेलं अग्निनक्षत्र, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे दिवस. मेच्या चार तारखेच्या आसपास लागतं आणि तीन-साडेतीन आठवडे मुक्काम करतं. आमचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागून इकडे आले. दख्खनचं चांगलं कोरडं ऊन सोडून त्यांनी हे ओलं ऊन का पत्करलं, हे कुठल्याही मोडी कागदात लिहिलेलं नाही. गाव आम्हाला अजून ‘रायर’ म्हणतं. मी नोकरीची सगळी वर्षं पुण्यात एका बँकेत काढली आणि निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित घरी परतलो. निवृत्त माणसाला घरात काही तरी दुरुस्त करायला लागतं. माझ्या वाट्याला हवा आली.

तळमजला आजोबांचा. हातभर जाडीच्या भिंती, तांबडी गुळगुळीत जमीन, पुढे तिण्णै म्हणजे ओसरी, मध्ये मुट्रम म्हणजे चौक. माथ्यावर मद्रास टेरेस, म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या पातळ विटा, त्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर, आणि सगळ्यात वर चपट्या फरशा. ऊन या छतात सकाळी शिरतं आणि खाली पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. वरचा मजला माझा, म्हणजे माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचा. काँक्रीटची स्लॅब, बेताच्या भिंती, आणि पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच, कारण आर्किटेक्टने बोलता बोलता ‘व्ह्यू’ असा शब्द वापरला होता. व्ह्यू झकास आहे. भातखाचरं, नारळ आणि त्यांच्यामागे मावळणारा सूर्य. तो मावळताना आमच्या हॉलमधून जातो.

थोडक्यात, खालचं घर आधीच गार होतं, त्यावर मी एक अख्खा मजला छत्री म्हणून उघडला. छत्रीखालचा माणूस सुखी असतो. छत्रीच्या कापडावर कोण राहतं, हे छत्री विकणारा सांगत नाही. चौकावर पूर्वी उघडं आभाळ होतं. माकडं येतात म्हणून त्यावर फायबरचा पत्रा बसला. हा पत्रा घालायला कोणी सांगितलं, हे आता घरात कोणालाच आठवत नाही. आमच्या घरातल्या कारभाराची ही जुनी पद्धत आहे. तेव्हापासून तळमजल्याची गरम हवा आभाळाकडे जायची ती जिन्याने वर येऊ लागली. स्लॅबचा स्वभाव आणखी निराळा. दिवसभर ती निमूटपणे ऊन खाते आणि रात्री नऊला, आपण अंथरुणावर अंग टाकलं की, परत करायला लागते. व्याजासह. बँकेत मी असा ग्राहक पाहिला नव्हता.

“आपल्या वाडवडिलांनी मजले चढवलेच नाहीत असं नाही,” आमचे अण्णा म्हणाले. अण्णा माझे थोरले भाऊ. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन मोडी कागद वाचणं हा त्यांचा छंद. त्यामुळे घरातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ ते निदान दोनशे वर्षं मागे नेऊन ठेवतात. “सरफोजीराजांनी मल्लिपट्टणमला मनोरा बांधला. १८१४ साल. आठ मजले. तिथे एसी होता?”

“नव्हता. पण समोर समुद्र होता, अण्णा.”

“मग तू समुद्र आण.”

मी मात्र बृहदीश्वराचा दाखला देतो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास एवढं दोनशे फुटांच्या वर विमान, म्हणजे शिखर, उभं केलं. पण देवाला ठेवलं कुठे? तळमजल्यावर! आणि गाभाऱ्याभोवती वरच्या मजल्यावर जो प्रदक्षिणामार्ग आहे, तिथे नृत्याची १०८ करणं कोरायची होती. त्यांतली ८१ झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. विद्वान लोक याची गंभीर कारणं शोधतात. आमच्या वरच्या हॉलमध्ये मे महिन्यातली एक दुपार काढलेल्या माणसाला कारण शोधावं लागत नाही. ब्याऐंशीव्या करणाच्या वेळी शिल्पकार ‘जरा खाली पाणी पिऊन येतो’ म्हणाला असणार.

तेव्हा ठरलं, वर एसी घ्यायचा. तंजावरच्या दुकानदाराने चौकशी सुरू केली. “वरचा मजला, सार?” हो. “वर स्लॅब? उघडी?” हो. “पश्चिमेला काच?” हो. प्रत्येक होकाराबरोबर त्याचा चेहरा उतरत गेला आणि यंत्र चढत गेलं. “दीड टन घ्या,” तो शेवटी म्हणाला. हा टन यंत्राच्या वजनाचा नसून बर्फाचा असतो, हे मला तिथे कळलं. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढं काम म्हणजे एक टन. एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या साहेबांसाठी बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने यायचा. तो साठवायला समुद्रकिनाऱ्यावर बांधलेलं आइस हाऊस अजून उभं आहे. म्हणजे हिशेबाने मी रोज साडेतेराशे किलो बर्फ वरच्या मजल्यावर चढवणार होतो, आणि तोही हमालाशिवाय. त्या रात्री मला सरफोजीराजांपेक्षाही श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

एसी लागला. वरच्या हॉलला दार नाही. हॉल संपतो तिथे जिना सुरू होतो. गार हवा जड असते, हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण तिला जिना उतरता येतो हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. ती अठराच्या अठरा पायऱ्या शिस्तीत उतरली, चौकाला वळसा घालून आईच्या पलंगाखाली जाऊन बसली. आई मुळातच मार्गशीर्षात राहणारी. आमच्याकडे त्या महिन्यात पहाटे पारा बाविसावर आला की लोक कानटोपी घालून कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात.

रात्री खालून हाक आली. “अरे, वर एसी लावलास ना?”

“लावला, आई. कसं वाटतंय?”

“छान. माझा मफलर कुठे आहे?”

वर मी आणि ही, एसीच्या बरोबर खाली, हातपंखा घेऊन बसलो होतो. “अहो,” ही म्हणाली, “आपण एसी बघतोय की एसी आपल्याला?”

मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक यंत्राकडे पाहायच्या आधीच निदान करतात, हे त्यांचं वैशिष्ट्य. दारात चप्पल काढता काढता तो म्हणाला, “गॅस कमी, सार.” मी म्हटलं, “यंत्र नवीन आहे.” तो म्हणाला, “नव्यातच कमी असतो.” मग त्याने नळीला कसलंसं घड्याळ लावलं, मान हलवली आणि विचारलं, “गार हवा येत नाही का?” मी म्हटलं, “येते, पण खाली जाते.” यावर तो बराच वेळ विचार करत होता. “मग खाली बसा,” त्याने सल्ला दिला आणि व्हिजिटचे पैसे घेतले. आजवर मिळालेल्या सल्ल्यांपैकी हाच एक सल्ला शास्त्रशुद्ध होता, पण पैसे देऊन मिळाल्यामुळे मी तो मानला नाही.

सुताराचं मत, जिन्याच्या तोंडाशी दार बसवा. दार बसवलं आणि हवा अडली, हे खरं. पण त्याबरोबर सगळा संसार अडला. आमच्या घरात जिना हा टेलिफोन आहे. “कॉफी झाली”, “गॅस सिलिंडर आला”, “तुमचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला”, हे सगळे निरोप जिन्यातूनच वर येतात. दार लागलं त्या दिवशी मला कॉफी मिळाली नाही, जेवणाची वेळ कळली नाही, आणि खाली येऊन पाहिलं तर माझी भेट घ्यायला आलेले दोन गृहस्थ कॉफी पिऊन परतही गेले होते. आईने त्यांना सांगितलं, “तो वर गेला.” त्यांनी हात जोडले म्हणे.

मग दाराऐवजी पडदा आला. कोल्ड स्टोरेजला असतात तसल्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा. हवा अडते, माणूस जातो, हाकही पोचते. सगळं जमलं होतं, पण आत्या सोवळ्यात होती. देवाचा नैवेद्य घेऊन ती वर निघाली आणि पडद्यासमोर थांबली. हे प्लास्टिक कोणाकोणाला घासलं असेल याचा तिने मनातल्या मनात हिशेब केला. “याला कोण कोण शिवलं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “सगळेच.” ती खाली गेली, पुन्हा आंघोळ केली आणि तेव्हापासून वरच्या देवघरातल्या देवांचा नैवेद्य खालूनच, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून, ओरडून दाखवला जाऊ लागला. पडदा काढला.

आता उपाय एकच उरला. खाली गेलेली हवा वर आणायची. घरात एक टेबलफॅन होता. २०११ साली सत्तेवर आल्यावर जयललितांच्या सरकारने रेशनकार्डावर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट वाटला, त्यातला. आईला तो पंखा अम्मांनी, म्हणजे जयललितांनी, स्वतः आणून दिल्यासारखा वाटतो. तो मी तिसऱ्या पायरीवर, तोंड वर करून ठेवला. कल्पना अशी, की खालचा गारवा वर ढकलला जाईल. त्याच वेळी खाली सांबाराला फोडणी पडली. सांबार हे तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मलं आणि त्याचं नाव संभाजीराजांवरून पडलं, अशी आमच्याकडची दंतकथा आहे. अण्णा ती दंतकथा न म्हणता इतिहास म्हणतात. ते काही असो, त्या दिवशी हिंग, मोहरी, सुकी मिरची आणि कढीपत्ता असा चौफेर हल्ला अम्मांच्या पंख्याने वर चढवला. वरचं तापमान तसूभर हललं नाही, पण आम्ही दोघं शिंकत शिंकत गच्चीवर पळालो.

गच्चीवर गेलोच आहोत तर पाणी मारावं, असं वाटलं. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, हे पुन्हा शाळेतलंच. संध्याकाळी पाइप घेऊन स्लॅबवर पाणी सोडलं. वाफ झाली, हवेत गेली, हवेत आधीच जागा नव्हती, म्हणून ती खिडकीतून आमच्याकडे परत आली. शेजारचे मिरासदार आपल्या गच्चीवरून हे पाहत होते.

“काय रायर, कुरुवैचा भात लावताय?”

“नाही हो, गार करतोय.”

“मेट्टूर अजून उघडलं नाही. पाणी जपून. नांगरणी झाली की सांगा, माझ्याकडे रोपं आहेत.”

दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती, की पुण्याहून आलेले रायर गच्चीवर भात घेणार आहेत. कृषी खात्याची काही सबसिडी आहे का, हे विचारायला दोघं जण येऊनही गेले.

मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरवून पाहिलं आणि अमेरिकेतून बोलणाऱ्याच्या शांतपणे सांगितलं, “बाबा, तुमचं झोनिंग चुकलंय. इथे अख्ख्या घराला एकच यंत्र असतं. डक्टमधून हवा सगळीकडे जाते. प्रत्येक मजल्याला वेगळा थर्मोस्टॅट, मध्ये डॅम्पर. खालचा बंद केला की हवा वर.”

“वा! म्हणजे तुमच्याकडे वरखाली सारखं?”

पलीकडे थोडी शांतता पसरली. “तसं अगदी सारखं नाही. बेडरूम वर आहेत ना, तिथे उकडतं जरा. उन्हाळ्यात आम्ही बेसमेंटमध्ये झोपतो.”

आई माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होती. “म्हणजे तळघरात?” ती कळवळून म्हणाली. “इतकं शिकून पोरगं शेवटी तळघरात गेलं रे!”

या एसीचा इतिहासच पाहा ना. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागा सोडायचे. ते थांबवायला विलिस कॅरिअरने हे यंत्र जुळवलं. म्हणजे मुळात ते कागदासाठी होतं. कागदाला एक सोय असते. तो ‘मला चोवीस नको, सत्तावीस हवं’ असं म्हणत नाही. आपल्याकडे सरकारच्या नियमाने नवा एसी चालू केला की चोवीसवर उभा राहतो. ही सरकारची सदिच्छा. तिथून पुढे लोकशाही सुरू होते. जावई आले की अठरा. ते गेले की ही सत्तावीस करते. अण्णांना आकडा दिसत नाही, म्हणून ते रिमोटचं बटण आवाज येईपर्यंत दाबत राहतात. आत्याला रिमोट म्हणजे टीव्हीचाच वाटतो आणि मालिका बदलायच्या नादात तिने एकदा एसीला ‘ड्राय’वर टाकलं. दोन दिवस आमचा घसा कोरडा. अखेर हिने रिमोट सांबार मसाल्याच्या डब्यात लपवला. तेव्हापासून त्याला हात लावणारा माणूस घरात वासावरून सापडतो.

रिमोटचा खरा मालक मात्र मीटर आहे. तामिळनाडूत बिल दोन महिन्यांनी येतं. पहिली १०० युनिटं सरकारी भेट. त्यापुढे दर पायरी पायरीने चढत जातो आणि ५०० च्या वर एक जरी युनिट गेलं, तर आधीच्या युनिटांचाही दर बदलतो. मीटर वाचणारा यायच्या सुमारास आमच्या घरात साधूंचा मठ भरतो. पंखे बंद, दिवे बंद, फ्रिज उघडायला परवानगी लागते. मी दर तासाला टॉर्च घेऊन मीटर पाहतो आणि वर ओरडून आकडा सांगतो. चारशे नव्वद झाले की आत्या जपमाळ काढते. तो येतो, ५०३ लिहून जातो, आणि मग ती तीन युनिटं कोणाची, यावर पुढचे पंधरा दिवस चौकशी चालते. एकदा त्या तीन युनिटांचा माग लागता लागता तो थेट सोलापूरच्या मामांच्या मोबाइल चार्जरपर्यंत पोचला होता. ते बिचारे एका लग्नासाठी फक्त एक रात्र राहून गेले होते.

अशाच एका ४९८ च्या रात्री सगळे अंधारात चौकाच्या कडेला बसलो होतो. आई म्हणाली, “तुझे आजोबा कुठे झोपायचे, आठवतं?”

“कुठेही झोपायचे.”

“कुठेही नाही. सकाळी तिण्णैवर, दुपारी आतल्या बोळात, संध्याकाळी इथे चौकाच्या कडेला, रात्री गच्चीवर. पहाटे दव पडायला लागलं की परत तिण्णैवर. घर एका जागी बसायचं आणि म्हातारा फिरायचा. तुम्हाला बसल्या जागी ऋतू पाहिजे.”

बोलणं खरं होतं, पण आजोबांना चार्जर नव्हता. आमच्या घरात आता प्रत्येकाची जागा त्याच्या प्लगपाशी ठरलेली आहे. माझी खाट वायफायच्या डब्याजवळ, आत्याची टीव्हीसमोर, हिची उशी तिच्या फोनच्या वायरला बांधलेली. माणसाला हलवायचं तर वायरिंग हलवावं लागेल, म्हणून आम्ही हवेला हलवायला निघालो होतो. वर्तमानपत्र वाचायला मीही एकदा आजोबांसारखा तिण्णैवर जाऊन बसलो, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबून विचारलं, “काय रायर, घरात काही झालं का?”

शेवटी अण्णांनी एक म्हातारे कोत्तनार, म्हणजे गवंडी, आणले. त्यांनी एसीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गच्चीवर गेले, तळवा स्लॅबवर ठेवला आणि चटकन उचलला. “हिला टोपी घाला,” म्हणाले. विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर टाकायचा, वर चपट्या फरशा बसवायच्या आणि त्यावर पांढरा रंग द्यायचा. म्हणजे आजोबांच्या छताचंच वरचं अंग माझ्या छतावर चढवायचं. चौकावरचा पत्रा हातभर उचलायचा आणि मधल्या फटीत जाळी लावायची, म्हणजे गरम हवा जिना शोधत बसणार नाही, सरळ आभाळात जाईल. आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून बांबूच्या चटया.

“पण व्ह्यू?” मी विचारलं.

“काय?”

“सूर्य मावळताना दिसतो तिथून.”

कोत्तनार माझ्याकडे करुणेने पाहत म्हणाले, “तो रोज मावळतो, सार. एखाद्या दिवशी नाही मावळला तर चटई वर करा.”

काम झालं. बांबूच्या चटया लागल्या, गच्ची पांढरीशुभ्र झाली, जाळीतून पहिल्याच दिवशी एका माकडाने हात घालून सांडगे पळवले, आणि वरचा मजला खरोखर निवला. रात्री नऊला स्लॅब काही परत करेना. एसी मधूनमधून बंद ठेवता यायला लागला, त्यामुळे आईचाही मफलर निघाला. मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, “आता वर आणि खाली सारखं!”

कोणीही विश्वास ठेवला नाही. हिला वर अजून ‘तसंच’ वाटत होतं. आत्याला खाली ‘जरा जास्तच’ गार वाटत होतं. वर्षानुवर्षं सांभाळलेली तक्रार माणूस असा एका दिवसात सोडून देत नाही. मग मी कुंभकोणमच्या बाजारातून दोन थर्मामीटर आणले आणि एक वर, एक खाली टांगला. वर एकतीस, खाली एकोणतीस.

“बघा,” ही म्हणाली, “मी सांगत नव्हते?”

“बघ,” आत्या खालून म्हणाली, “मी सांगत नव्हते?”

मला संशय आला. रात्री सगळे झोपल्यावर दोन्ही थर्मामीटर काढून दहाव्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवले. एकच जागा, एकच हवा, वरच्या थर्मामीटरला दोन अंश ताप! मांजर खुर्चीतून हे सगळं पाहत होतं, पण त्याची साक्ष घरात कोण मानणार? मी काही न बोलता दोघांची अदलाबदल केली. वरचा खाली, खालचा वर.

सकाळी हिने भिंतीकडे पाहिलं. वर एकोणतीस. “अहो, पंखा एकवर करा,” तिने पदर अंगाभोवती लपेटून घेतला. “किती गार झालंय आज! मला शिरशिरी येतेय.” तेवढ्यात खालून आत्याचा आवाज आला. तिने एकतीस वाचला होता आणि मनगट दुखेपर्यंत ताडाचा पंखा हलवत होती. “वरची माणसं गारव्यात लोळतायत आणि खाली आम्ही भाजतोय! म्हाताऱ्यांचं कोणाला पडलंय?” आईने इतकंच म्हटलं, “मला काही उकडत नाही बाई.” पण आईला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत, म्हणून तिचं मत बाद झालं. अण्णांनी लगोलग तळमजल्यावरच्या अन्यायाची परंपरा भोसले घराण्याच्या वाटण्यांपर्यंत नेली.

दुपारी मी दुकानदाराला फोन लावला. आवाज ओळखून तो म्हणाला, “या वेळी तळमजला ना, सार? दीड टन की दोन?”

मी काही बोलायच्या आत आत्याने जिन्याच्या पायथ्यावरून हाक दिली, “दोन! आणि त्याचा रिमोट माझ्या कमरेला!”